पाचाचे पंधरा

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

काल दुपारी वृद्धाश्रमात चहाच्या सुट्टीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या मारिविकने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"वाच."

"तूच सांग ना, माझा चष्मा वर राहिलाय."

"पाचाचे पंधरा," ती म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवून विसरली. ते विरघळून तळाला गेलं.

ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव आहे. म्हाताऱ्यांची सेवा करायला बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांना कायमच्या वास्तव्याचा कागद पाच वर्षांनी मिळत असे, तो आता पंधरा वर्षांनी द्यावा, असं म्हणतात. अजून कायदा झालेला नाही. फेब्रुवारीपर्यंत लोकांची मतं मागवली आहेत. जे आधीच येऊन बसलेत त्यांनाही हे लागू होणार का, यावर बातम्यांत एकवाक्यता नाही.

मी फेब्रुवारी २०२२ मध्ये आलो. पाच वर्षं भरायला पंधरा महिने उरले होते. नवा हिशोब लागला तर अकरा वर्षं तीन महिने. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा असेन. हे काही फार वय नाही. इथे एक्कावन्न वर्षांची माणसं या वाऱ्यात सायकल चालवतात.

बायकोला, सारुझायला, अजून सांगितलं नाही. रविवारी सांगेन. प्रस्तावच तर आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

सांगितलं. माझे दुपारचे तीन, तिच्याकडे झिंबाब्वेत पाच. ती मागच्या अंगणात मुरिवोच्या भाजीची पानं खुडत होती. ऐकून ती थांबली नाही, खुडतच राहिली.

"बरं," ती म्हणाली.

"अजून नक्की काही नाही गं."

"हो, म्हणालास ना तू."

मग लाईट गेले आणि नेटवर्कही गेलं.

मला वाटलं होतं रडेल, भांडेल. ती खंबीर आहे. तिचं हेच मला पहिल्यापासून आवडलं.

कधी कोणी ही वही वाचलीच तर माहीत असावं म्हणून लिहितो, ती माझ्याबरोबर का नाही. आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते आणि आम्ही दोघंही येणार होतो. मी मास्विंगोत भूगोल शिकवत होतो, ती प्राथमिक शाळेत होती. निघायच्या महिनाभर आधी माझ्या वडिलांचं अर्धं अंग गेलं. ती म्हणाली, तू हो पुढे, बाबांना मी बघते, ते बरे झाले की येईन. बाबा जवळजवळ अडीच वर्षं अंथरुणात होते. मी इथे परक्यांच्या बापांना न्हाऊ घालत होतो आणि ती तिथे माझ्या बापाला. मार्च २०२४ मध्ये इथला नियम बदलला आणि सेवेच्या कामावरच्या माणसांना बायका-मुलं आणणं बंद झालं. जूनमध्ये बाबा गेले. ती मोकळी झाली तेव्हा दार लागून तीन महिने झाले होते.

मातीलाही जाता आलं नाही. मी आधी होतो तो वृद्धाश्रम नेमका तेव्हाच बंद पडला होता, आणि साठ दिवसांत दुसरं काम मिळवायचं होतं. बाबांना खड्ड्यात उतरवताना मी फोनवर पाहिलं. मधेच चित्र अडकलं. ते तसंच अडकलेलं मला अजून दिसतं: दोरीवर माझ्या काकांचे हात, आणि कडेला सारुझायची पाठ.

आता एकच वाट आहे. मला कायमचा कागद मिळाला की बायको म्हणून तिला बोलावता येईल. म्हणून पाच वर्षं. म्हणून हे सगळं.

मंगळवार, २ डिसेंबर

वारा इतका की जेवणघराच्या खिडक्या हलत होत्या. किनाऱ्याच्या दक्षिणेला कड्याचा आणखी एक तुकडा समुद्रात गेला म्हणे. इथे कोणी आश्चर्य करत नाही.

सारुझायने आज विचारलं, "घराची किल्ली कुणाकडे ठेवावी असं तुला वाटतं? तुझ्या काकांकडे की शेजारच्या मुगारीबाईंकडे?"

मी म्हटलं, किल्ली कुणालाच देऊ नकोस, चांगलं कुलूप घे. हल्ली आपल्या रुजेको वस्तीत चोऱ्या वाढल्यात. पुढच्या दाराला पितळी घे, मागच्या दाराला आडणा कर.

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "केस किती पांढरे झालेत रे तुझे, शुंबा."

शुंबा म्हणजे सिंह, आमच्या कुळाचं नाव. बायका नवऱ्याला अशी हाक लाडात असल्या की मारतात. माझं नाव घेऊन 'कुझानाय' म्हणाली की सावध राहायचं. आज शुंबा म्हणाली, म्हणजे सगळं ठीक आहे.

आणखी एक जाणवलं. आजकाल ती 'कधी' हे विचारत नाही. पूर्वी दर फोनला विचारायची आणि मला गुदमरायला व्हायचं. आता समजूतदार झाली आहे. बरं वाटलं.

शनिवार, १३ डिसेंबर

नऊ नंबरच्या खोलीतल्या हार्करबाईंना प्रस्ताव कुणीतरी वाचून दाखवला. बाई नव्वद वर्षांच्या, कान तीक्ष्ण, पाय गेलेले. मी त्यांना खुर्चीत बसवत होतो.

"योग्यच केलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "फार लोक आलेत."

"मीसुद्धा आलोच आहे, हार्करबाई."

"तू नाही रे. ते बाकीचे."

"बाकीचे कोण?"

"मला काय ठाऊक पोरा? या खिडकीतून नुसता समुद्र दिसतो." मग पायावरची शाल नीट करायची खूण केली. "डावी बाजू. डावी म्हटलं ना, काय शिकवायचास तू मुलांना, दिशा?"

मारिविक म्हणते, मी यांच्यावर रागवायला हवं. मला राग येत नाही. निदान त्या तोंडावर बोलतात.

गुरुवार, २५ डिसेंबर

दिवसभर ड्युटी. कागदी टोप्या, भाजलेली टर्की, तीच रस्सा-बटाट्याची थाळी. मारिविकचा नवरा दोन्ही मुलांना घेऊन तिला न्यायला आला. धाकटीने माझ्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि गाडीत जाऊन बसली. ती चौघंही इथे आहेत. पाच काय, पंधरा काय, ती एकाच छपराखाली मोजतील.

सारुझायला फोन लागला नाही. तिचा निरोप होता: 'मिशनवर आलेय. रेंज धड नाही. आनंदी नाताळ.' मिशनवर कशाला गेली असेल? चर्चचं काही असेल.

रविवार, ११ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहून काढतो.

फोन उचलला तर तिच्या मागे निळी भिंत. आमच्या घरात निळी भिंत नाही.

"कुठे आहेस?"

"घरी."

"हे कुणाचं घर?"

"माझं," ती म्हणाली. "शाळेचं आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा. गुतूच्या पलीकडची मिशनची शाळा. मुख्याध्यापिकेची जागा होती. परवापासून वर्ग सुरू."

मी म्हटलं, "आणि बाबांचं घर?"

"किल्ली मुगारीबाईंकडे आहे."

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं, कुझानाय."

"केव्हा?"

"तू म्हणालास, पितळी कुलूप घे."

मी काय बोललो ते लिहिण्याजोगं नाही. आवाज चढला होता एवढं खरं, कारण डेनिस, आमच्या मॅनेजरबाई, दारात येऊन परत गेल्या. सारुझायचा आवाज चढला नाही. तिने मला संपवू दिलं. मग म्हणाली, "मी तुला सोडलेलं नाही. ते घर सोडलं. बाबा होते तोवर तिथे मला काम होतं. ते गेल्यावर त्या घरात मी फक्त तुझी वाट बघत होते. सकाळी उठून तेच, संध्याकाळी तेच. इथे दोनशे चाळीस मुलं आहेत. ती रोज येतात."

मी फोन ठेवला. मी ठेवला, तिने नाही.

मग ही वही मागे चाळली. २ डिसेंबरचं पान माझ्याच अक्षरात आहे.

मंगळवार, २७ जानेवारी

दोन आठवडे बोललो नाही. तिचे निरोप येतात: 'जेवलास का', 'आज पाणी आलं', 'एका मुलीने माझ्यासाठी मक्याची कणसं आणली'. मी उत्तर देत नाही. तिला कळायला हवं. काय कळायला हवं, ते मात्र मला नीट मांडता येत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सरकारला मत कळवायची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. मी तीन दिवस खपून मजकूर तयार केला. देशातल्या म्हाताऱ्यांची संख्या, रिकाम्या जागा, आम्ही भरतो तो कर, महासाथीनंतरची अवस्था. भूगोलाच्या पुस्तकातला धडाच. मारिविकला वाचायला दिला. तिने सुट्टीत उभ्यानेच वाचला.

"छान आहे. सरुझाय कुठे आहे यात?"

"सारुझाय. आणि सरकारला माझ्या बायकोशी काय करायचंय?"

"प्रश्न काय आहे वर? 'या बदलाचा तुमच्यावर काय परिणाम होईल?' तुझ्यावर, कुझानाय. देशावर नाही विचारलेलं."

"खासगी गोष्टी लिहायच्या का तिथे?"

"मग राहू दे. तू देशाची काळजी कर, देश तुझी करेल," ती म्हणाली आणि घंटी वाजली म्हणून गेली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

हार्करबाईंना आंघोळ. पाणी घालताना त्या बोलतात, एरवी टीव्ही बघतात.

"बायकोशी भांडलास तू," त्या म्हणाल्या. "महिनाभर चेहरा असा आहे, जशी मासळी बर्फात."

मी सांगून टाकलं. सगळं नाही, पण बरंच.

त्यांचा नवरा वॉल्टर हलहून निघणाऱ्या मासेमारी बोटीवर होता. तीन आठवडे आइसलँडच्या समुद्रात, तीन दिवस घरी, पुन्हा तीन आठवडे. १९५५ साली लग्न झालं, १९७६ला बोटी बंद झाल्या तेव्हा तो कायमचा घरी आला.

"एकवीस वर्षं," बाई म्हणाल्या. "मी एकदा बसून मांडलं होतं. तो घरी होता ते दिवस जोडले तर तीन वर्षंसुद्धा भरेनात. लोक म्हणायचे, बिचारी, काय सोसतेय. मी सोसत नव्हते. मला सवय झाली होती. तो आला की मला वाटायचं, हा माझ्या खुर्चीत का बसलाय."

"आणि कायमचा आल्यावर?"

"आल्यावर काय. चांगला माणूस होता. पण आम्हाला एकमेकांचं करायचं काय तेच कळेना. त्याला चहात साखर किती लागते ते मी विचारायचे. लग्नाला एकवीस वर्षं झालेला नवरा, आणि मी विचारायचे साखर किती." त्यांनी खांदा पुढे केला. "पाठीला जास्त लाव. तू किती वर्षांचा होशील त्या पंधरा वर्षांनंतर?"

"एक्कावन्न."

"आणि ती?"

माझ्या हातातला स्पंज तसाच राहिला. मी हे कधी मांडलंच नव्हतं. महिने मांडले, दिवस मांडले, माझं वय मांडलं.

"शेहेचाळीस," मी म्हणालो.

पाणी गार होतंय, एवढंच बाई म्हणाल्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. तीन पानी मजकूर पुसून टाकला. त्या चौकटीत एक वाक्य लिहिलं: 'माझी बायको पस्तीस वर्षांची आहे.' खाली भरपूर जागा उरली. पाठवलं.

मग तिला फोन केला. तिची शाळा सुटायची वेळ होती, मागे मुलांचा गलका.

"साखर किती लागते तुला चहात?" मी विचारलं.

"काय?"

"सांग ना."

"बरा आहेस ना तू? मी चहात साखर घेत नाही. बाबांच्या आजारपणात सोडली, घरात साखर मिळेना तेव्हा." आणि मग, "तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मी पण सांगितलं नसेल," ती म्हणाली. ती रडत होती असं मला वाटलं, पण मुलांच्या आवाजात नक्की कळलं नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

चार आठवड्यांची रजा मंजूर. आल्यापासूनची सगळी शिल्लक एकदम मागितली. डेनिसनी तक्ता दोनदा वर-खाली पाहिला, सुस्कारा टाकला आणि सही केली. जाऊन यायचं, बस. तिची समजूत काढायची, ती जागा कशी आहे ते बघायचं. चार आठवड्यांनी काही बिघडत नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

उद्या मँचेस्टरहून निघतो. हार्करबाईंना सांगायला गेलो.

"येशील ना परत?"

"चार आठवड्यांनी. तीस तारखेला सकाळच्या ड्युटीला इथे."

"वॉल्टरही असाच तारीख सांगून जायचा."

"आणि यायचा?"

"एकदाही चुकला नाही," त्या म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बुधवार, ४ मार्च, गुतू

हरारेहून बसने सहा तास, मग एका ट्रकच्या मागे. फाट्यावर ती उभी होती. मी तिला ओळखलं, पण एक क्षण उशिरा. फोनमध्ये खांद्यापर्यंतच दिसते. ती चालते कशी ते मी विसरलो होतो. जरा बारीक झाली आहे, आणि चालताना आता घाईत असते. तिने माझ्याशी हात मिळवला, टाळी वाजवून रीतीने वाकली, पाहुण्याला करतात तसं. मग आम्ही दोघंही तिथेच उभे. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून विचारलं, सामान उतरवायचं की नाही.

आज पहाटे जाग आली तेव्हा ती कुशीवर होती. मी न बोलता एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला हळूच उठवून बसवायला लागलो. चार वर्षं दिवस असाच सुरू होतो माझा.

तिने डोळे उघडले. "काय करतोयस?"

"उठवतोय."

"मी नव्वद वर्षांची नाही, शुंबा. हात काढू नकोस, पण मला आडवी राहू दे."

रविवार, १५ मार्च

खूप काही लिहायचं होतं, पण दिवस कसे जातात कळत नाही. ओल्या मक्याचे दिवस आहेत. ती कणसं उकडते, मी सोलतो. आम्ही भांडतोही. मी बादली जागेवर ठेवत नाही, ती दार उघडं टाकते. परवा मी तिला म्हटलं, तू मला न सांगता घर सोडलंस ते मला अजून खुपतं. ती म्हणाली, खुपू दे, मलाही खुपतंय, तू फोन ठेवलास ते. मग दोघांनी मक्याच्या पिठाचा साद्झा खाल्ला.

काल शाळेतल्या एका बाईंचं तान्हं बाळ तिने दिवसभर पाठीला बांधलं होतं. संध्याकाळी परत देताना फडक्याची गाठ तिला लवकर सुटेना. मी पुढे होऊन सोडवली.

मंगळवार, २४ मार्च

मिशनच्या टेकडीवर चढलं की रेंज चांगली मिळते. तिथून डेनिसना कळवलं की मी येत नाही. शब्द आधी जुळवून नेले होते, तरी तीनदा अडलो.

"तुला कळतंय ना," त्या म्हणाल्या, "इतके दिवस बाहेर राहिलास की तुझी चार वर्षं पाण्यात? उद्या तो प्रस्ताव बारगळला, पाचच राहिली, तरी तुला पुन्हा पहिल्यापासून."

"कळतंय."

"हार्करबाईंना काय सांगू?"

"सांगा, मी तारीख चुकवली."

मारिविकचा निरोप आला: 'वेडा आहेस.' थोड्या वेळाने दुसरा: 'तुझी सकाळची ड्युटी मला लावलीय, शिव्या देतेय.' मग तिसरा, नुसतं तिच्या मुलीचं चित्र, माझी कागदी टोपी घातलेलं.

इथे भूगोलाच्या शिक्षकाची जागा नाही. गणिताची आहे, आणि माझं गणित कसं आहे ते या वहीत दिसतंच. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. मारिविक राहील, आणि तिचं राहणं बरोबर आहे. माझं काय ते दहा वर्षांनी सांगता येईल.

सारुझायला सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. तिने हातातली वही पूर्ण तपासली, गुण लिहिले, खाली सही केली. मग चष्मा काढून म्हणाली, "माझ्यासाठी करू नकोस. उद्या मला ऐकवशील."

"ऐकवेन कधीतरी," मी म्हटलं. "तूही ऐकव."

सोमवार, ३० मार्च

परवा माझं विमान माझ्याशिवाय गेलं. त्या दुपारी आम्ही दोघंही व्हरांड्यात बसून होतो आणि त्या वेळी कुणीच घड्याळाकडे पाहिलं नाही, म्हणजे दोघांनाही ती वेळ पाठ होती.

सकाळी तिची गडबड. बुटाचा बंद तुटला, खडूची पेटी सापडेना. मी चहा दिला, बिनसाखरेचा. तो तिने उभ्यानेच प्यायला आणि कप खिडकीत ठेवला. पायऱ्या उतरून अर्ध्या अंगणात गेल्यावर तिने मागे न वळता विचारलं, "संध्याकाळी आहेस ना घरी?"

मी 'हो' म्हणालो. तिला ऐकू गेलं नसावं. उत्तरासाठी ती थांबली नव्हती, शाळेची घंटा झाली होती.